पब्लिक-की एन्क्रिप्शन

एन्क्रिप्शन म्हणजे मेसेजला जणू कुलूप लावणं, म्हणजे वाटेत कुणाला तो वाचता येत नाही. पब्लिक-की एन्क्रिप्शनमध्ये हे कुलूप लावायची किल्ली वेगळी आणि उघडायची वेगळी. पहिली पब्लिक की, ती खुशाल सगळ्या जगाला वाटायची, दुसरी प्रायव्हेट की, ती आपल्याकडून हलूच द्यायची नाही. आधीच्या पद्धतीत दोघांकडे एकच किल्ली लागायची आणि ती समोरच्यापर्यंत गुपचूप पोचवायची कशी हीच खरी डोकेदुखी होती.

१९७६ ला व्हिटफील्ड डिफी आणि मार्टिन हेलमन या अमेरिकन संशोधकांनी यातून वाट काढली, पुढच्या वर्षी अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठातल्या रिव्हेस्ट, शामीर, एडलमन या तिघांची आरएसए ही पद्धत आली. गंमत म्हणजे ब्रिटनच्या जीसीएचक्यू या गुप्तचर संस्थेत क्लिफर्ड कॉक्सने १९७३ लाच जवळपास हेच शोधलेलं, पण ते १९९७ पर्यंत गुलदस्त्यातच राहिलं.

आरएसए कागदावरही करून बघता येतं. ३ आणि ११ या मूळ संख्या घ्या, गुणाकार ३३. पब्लिक की म्हणजे ३ आणि ३३ ही जोडी, प्रायव्हेट की ७. पाठवायचाय ४. चारचा घन ६४, त्याला ३३ ने भागलं की बाकी ३१, वाटेत कुणी बघितलं तर हेच दिसणार. पलीकडचा माणूस ३१ चा सातवा घात काढून ३३ ने भागतो आणि बाकी बरोब्बर ४ येते! गुणाकाराचे अवयव कळले की प्रायव्हेट कीही काढता येते. आता ३३ चे अवयव शाळेतलं पोरगंही पाडेल, पण खऱ्या कीमध्ये ही संख्या सहसा २०४८ बिटांची, म्हणजे ६१७ अंकी असते, गुणाकार झटक्यात होतो पण उलटं जायचं म्हटलं की आजचे कॉम्प्युटर हात टेकतात. मोठा क्वांटम कॉम्प्युटर (क्वांटम भौतिकीच्या नियमांवर चालणारा) आला तर हे गणित सुटेल हे गणितज्ञ पीटर शोरने १९९४ लाच दाखवलंय, त्यामुळे नव्या पद्धती आत्तापासूनच येतायत.

हा सगळा प्रकार तसा स्लो आहे, म्हणून ब्राउझर सुरुवातीला पब्लिक-कीच्या मदतीने एक तात्पुरती कॉमन की ठरवतो आणि पुढचा डेटा एईएससारख्या एकाच किल्लीच्या फास्ट पद्धतीने पाठवतो.

पण खरी गोम वेगळीच आहे, समोरून आलेली पब्लिक की नक्की त्याचीच कशावरून? मधल्यामध्ये कुणी स्वतःची की सरकवली तर तो सगळं वाचून पुढे पाठवेल आणि दोघांना पत्ताही लागणार नाही. म्हणून वेबसाइटला ही की याच साइटची असं सांगणारं, त्रयस्थ संस्थेने दिलेलं सर्टिफिकेट लागतं, अर्थात ते फक्त साइटचं नाव खरं एवढंच सांगतं, मालक सज्जन आहे असं नाही. व्हॉट्सॲपमध्ये याचसाठी दोघांच्या कीवरून बनलेला ६० अंकी सिक्युरिटी कोड असतो, दोघांनी फोन शेजारी धरून ताडून बघायचा, पण मी तरी अजून कुणाला तो ताडताना पाहिलेलं नाही.