पापणी लवली म्हणजे व्हिडिओ खरा?

म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारापासून फोंड्यातल्या भजनी मंडळाच्या ग्रुपपर्यंत एक सल्ला अजून फिरतोय: व्हिडिओतला माणूस पापणी लववत नसेल तर तो बनावट, लववत असेल तर खरा. सल्ला शिळा झालाय. 2018 मध्ये अमेरिकेतल्या ऑल्बनी विद्यापीठाच्या संशोधकांनी ही खूण दाखवली, तेव्हा ती बरोबर होती. बनावट चेहरा बनवायला संगणकाला शिकवताना वापरलेल्या फोटोंत डोळे बहुतेक उघडेच. मिटलेल्या डोळ्यांचा फोटो कोण जपून ठेवतो? खूण जाहीर झाली आणि बनवणाऱ्यांनी लवकरच ती उणीव भरून काढली.

आवाजाचं तर त्याहून सोपं. मायक्रोसॉफ्टने जानेवारी 2023 मध्ये दाखवलेल्या ‘व्हॅल-ई’ या आवाजाची नक्कल करणाऱ्या प्रणालीला नमुना म्हणून 3 सेकंदांचं बोलणं पुरत होतं. म्हणजे एक ‘हॅलो, कोण बोलतंय?’

तेव्हा बोटीवरच्या मुलाचा रडवेला आवाज अनोळखी नंबरवरून पैसे मागू लागला, तर फोन ठेवा आणि त्याच्या नेहमीच्या नंबरवर लावा. पैसे गेलेच तर लगेच 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा. घरच्यालाच ठाऊक असेल असं काही विचारता येतं. फक्त चवथीला गणपतीवर बांधलेल्या फळांच्या माटोळीबद्दल नको, तिचा फोटो आपणच फेसबुकवर टाकलेला असतो.