पडवी, अंगण आणि आधुनिक घर

घराच्या खोल्या आणि बाहेरचे झाडपाणी यांच्यामध्ये एक मधली जागा राखून केलेली कौटुंबिक घराची रचना. ही जागा दोन तऱ्हांची असते. एकीवर छप्पर असते पण पुढची भिंत नसते : कोकणातली पडवी, देशावरची ओसरी किंवा सोपा, गोव्यातले बाल्कांव. दुसरीला चारी बाजूंनी भिंती असतात पण वर आभाळ असते : वाड्याचा चौक, गोव्यातील हिंदू घरांचे राजांगण. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात काही भारतीय वास्तुकारांनी याच जागा काँक्रीटच्या घरांत आणि उंच इमारतींतही नव्याने रचल्या.

कोकणातल्या जुन्या घरात बाहेरून आत जाताना खळे (म्हणजे पुढचे अंगण), पडवी, ओटी, माजघर असा क्रम लागतो. प्रत्येक उंबऱ्यागणिक उजेड थोडा कमी होतो, जमीन थोडी गार लागते. वाटसरू पडवीत टेकतो, पाहुणा ओटीवर बसतो, घरचे माणूस थेट माजघरात जाते. ऊन आणि माणसे या दोघांनाही टप्प्याटप्प्याने आत घेणारी अशी दुसरी व्यवस्था आपल्याकडे झालेली नाही. मागच्या बाजूला हाच क्रम मागची पडवी आणि परसू असा उलटा उलगडतो. दिवसाची बरीचशी कामे, म्हणजे निवडणे-टिपणे, नारळ सोलणे, मुलांचा अभ्यास, या मधल्या जागांतच होतात. म्हणून त्या घराचा निसर्गाशी संबंध नुसता पाहण्याचा राहत नाही.

आजच्या घरात निसर्गाशी जोडण्याचे हे काम बहुधा मोठ्या काचेवर सोपवले जाते. थंड देशांत त्याला अर्थ आहे, कारण तिथे मिळेल तेवढे ऊन आत हवे असते. आपल्याकडे पश्चिमेची काच दुपारचे ऊन आत घेते, तापलेली हवा कोंडून ठेवते. मग पडदे ओढले जातात आणि ज्या बागेसाठी काच बसवली ती बागच दिसेनाशी होते. अमेरिकेतील इलिनॉय राज्यात वास्तुकार मीस व्हान डेर रोहे यांनी बांधलेले, १९५१ साली पूर्ण झालेले फार्न्सवर्थ हाउस हे काचघरांचे सर्वांत गाजलेले उदाहरण. त्याच्याही ओट्याला पुढे डासांसाठी जाळी लावावी लागली.

सूर्याचा हिशेब या रचनेच्या मुळाशी आहे. मुंबई सुमारे १९ अंश उत्तर अक्षांशावर आहे. डिसेंबरच्या अखेरीस भर दुपारी सूर्य दक्षिणेला साधारण ४७ अंशांवर असतो. मे महिन्याच्या मध्यावर तो अगदी डोक्यावर येतो आणि जूनमध्ये किंचित उत्तरेकडे झुकतो. त्यामुळे दक्षिणेकडे बेताच्या रुंदीचा पाखा, म्हणजे छपराचा पुढे आलेला उतार, ठेवला की थंडीतले ऊन पडवीत येते आणि उन्हाळ्यातले बाहेर राहते. पश्चिमेला मात्र हा उपाय चालत नाही, कारण उतरते ऊन पाख्याखालून शिरते. तिथे खोल पडवी, कमी खिडक्यांची भिंत किंवा दाट झाड हवे.

झाडाची निवडही इथल्या ऋतूंप्रमाणे करावी लागते. पानगळीचे झाड उन्हाळ्यात सावली आणि हिवाळ्यात ऊन देते हा थंड देशांतला ठोकताळा इथे फसतो. सावर आणि पांगारा ऊन तापू लागते त्याच दिवसांत निष्पर्ण असतात. त्यांचा लाल फुलोरा डोळ्यांना सुख देतो, पण भिंतीला सावली देत नाही. पश्चिमेला आंबा, फणस, बकुळ अशी सदाहरित झाडे योग्य. वड, पिंपळ, उंबर यांची मुळे पाया उचकटतात, त्यांना घरापासून दूरच ठेवावे.

आधुनिक काळात या विचाराची सर्वांत चिकाटीने मांडणी केली ती वास्तुकार चार्ल्स कोरिया (१९३०–२०१५) यांनी. अहमदाबादेतील त्यांच्या ‘ट्यूब हाउस’मध्ये (१९६१–६२) अरुंद, लांबट घराच्या उतरत्या छताला माथ्याशी झरोका होता; तापलेली हवा वर सरकत तिथून निघून जाई आणि खालून गार हवा आत ओढली जाई. तिथल्याच पारेख हाउसमध्ये (१९६७–६८) घराचे दोन भाग केले. एक वर निमुळता होत जाणारा, उन्हाळ्याच्या दुपारी राहण्याचा. दुसरा आभाळाकडे उघडणारा, हिवाळ्याचा आणि संध्याकाळचा.

मुंबईची अडचण निराळी. इथे वारा आणि समुद्राचे दर्शन पश्चिमेकडून मिळते, पण दुपारचे ऊन आणि पावसाची झड हीदेखील तिकडूनच येतात. जुन्या बंगल्यांनी खोल्यांभोवती व्हरांडे गुंडाळून हा पेच सोडवला होता. कंबाला हिलवरील ८४ मीटर उंचीच्या ‘कांचनजंगा’ इमारतीत (१९८३ मध्ये पूर्ण) कोरियांनी तोच उपाय वर चढवला : ३२ घरांना कोपऱ्यात कोरलेल्या, दोन मजले उंचीच्या गच्चीबागा दिल्या.

हे श्रीमंतांचे घर झाले. कोरियांनीच रचलेल्या, नवी मुंबईत बेलापूरच्या ‘आर्टिस्ट्स व्हिलेज’ या वसाहतीतली घरे (१९८३–८६) मला त्याहून मोलाची वाटतात. तिथे सात घरे साधारण ८ मीटर लांब-रुंद अंगणाभोवती बसवली, असे तीन गट मिळून एक मोठे अंगण केले आणि प्रत्येक घराला स्वतःचीही उघडी जागा ठेवली. लहानात लहान भूखंड ४५ चौरस मीटरच्या आसपासचा. शेजाऱ्याशी सामाईक भिंत नसल्यामुळे कुटुंब वाढेल तसे घर वाढवता येत होते. पुढे अनेकांनी मूळ कौलारू घरे पाडून तिथे काँक्रीटचे मजले उभे केले, आणि त्यात बरीचशी उघडी जागा बुजली. शहरातल्या सदनिकांतही बाल्कनीला खिडक्या बसवून ती खोलीत घेतली जाते. चौरस फुटाचा भाव पाहता त्या कुटुंबांना दोष देता येत नाही, परंतु घराचा श्वास तिथेच अडतो.

नव्याने असे घर बांधताना पाण्याची वाट सर्वांत आधी ठरवावी लागते. चौकाची जमीन खोल्यांपेक्षा किमान एक-दोन पायऱ्या खाली हवी, तिला मोरीकडे ढाळ हवा, आणि मोरी पागोळ्यांचे सगळे पाणी सामावेल एवढी मोठी हवी. पावसाची झड येते त्या बाजूला पाखा जास्त खाली उतरवतात. जुन्या घरांत पावसाळ्यापुरती नारळाच्या झावळ्यांची झापे बांधत, आता जाळीचे किंवा बांबूचे पडदे सोडतात. लाकडी खांब दगडी बैठकीवर उभे केले की ओल आणि वाळवी वर चढायला वेळ लागतो. आणि दर वर्षी मृग लागण्याआधी शिडी लावून पन्हळीतला आंब्याचा पाला काढावा लागतो, नाहीतर पहिल्याच सरीला पाणी उलटून पडवीत येते.