पूर, भरती आणि मातीत साठलेले आर्सेनिक

नवापूरकडच्या भाताच्या खाचरात ऐन पावसाळ्यात रोप उपटून पाहिले, तर खालचा चिखल निळसर-करडा दिसतो आणि मुळांवर मात्र गंजासारखा तांबूस थर चढलेला असतो. पाणी साचून मातीतील हवा संपली की काही सूक्ष्मजीव श्वसनासाठी लोहाचे ऑक्साईड, म्हणजेच गंज, वापरू लागतात. त्यामुळे लोह विरघळते आणि मुळांतून ऑक्सिजन पाझरतो तेथे पुन्हा गंज होऊन बसते. समुद्राची पातळी वाढल्यावर किनाऱ्यावरच्या, आर्सेनिक हे विषारी मूलद्रव्य असलेल्या जमिनीचे काय होते, हा प्रश्न याच घडामोडीशी जोडलेला आहे, कारण मातीतील आर्सेनिक बरेचसे या गंजालाच चिकटून असते आणि गंज विरघळला की तेही पाण्यात उतरते.

सोमल, मनशीळ आणि हरताळ ही आर्सेनिकचीच रूपे असल्याने ते आपल्याला अपरिचित नाही. पोथीतील चुकीच्या अक्षरावर जो हरताळ फासत, तो आर्सेनिक आणि गंधक यांचे पिवळे संयुग होय. शेतजमिनीत ते मोठ्या प्रमाणावर गेले ते कीटकनाशकांतून. अमेरिकेत १८९२ पासून लेड आर्सेनेट वापरात आले आणि पुढे कापसाच्या बोंडांवरील सोंडकिड्यासाठी १९२० च्या दशकात कॅल्शियम आर्सेनेटची भुकटी सर्रास धुरळली गेली. कापसावर संसार चालणाऱ्या आपल्या खानदेशाने हे आवर्जून लक्षात ठेवावे. डीडीटी आल्यावर ही औषधे मागे पडली, पण आर्सेनिक हे मूलद्रव्य असल्याने ते कुजून नाहीसे होत नाही.

पश्चिम बंगालमध्ये १९८३ साली डॉ. के. सी. साहा यांनी कूपनलिकांच्या पाण्यामुळे विषबाधा झालेले रुग्ण ओळखले. तेथील आर्सेनिक नैसर्गिक, नदीच्या गाळातले होते. ते पाण्यात उतरण्याचा दोष आधी पायराइट (लोह आणि गंधक यांचे खनिज) हवेच्या संपर्कात येण्याला दिला गेला. लोहाचे ऑक्साईड हवेअभावी विरघळतात हे स्पष्टीकरण नंतर रुजले.

डेलावेअर विद्यापीठातील डोनाल्ड स्पार्क्स यांच्या गटाने २०१७ मध्ये जुन्या प्रदूषित किनारी मातीवरील प्रयोग प्रसिद्ध केले. ऑक्सिजन संपल्यावर आर्सेनिक सर्वाधिक सुटले हे अपेक्षितच होते. महत्त्वाचे हे की समुद्राच्या पाण्यापेक्षा नदीच्या पाण्यात ते अधिक सुटले, कारण खाऱ्या पाण्यात लोहाच्या ऑक्साईडांचे विरघळणे रोखले गेले. म्हणून खारे पाणी शिरण्याइतकीच गोडे पाणी तुंबण्याचीही चिंता करायला हवी, असे मला ठामपणे वाटते.

भुसावळ आणि प्रकाशा येथून जाणारी तापी पुढे उकाई धरण ओलांडून सुरतेजवळ खंभातच्या आखाताला मिळते. ऑगस्ट २००६ मध्ये सुरत पुरात बुडाली. तापीमुखाची माती आर्सेनिकग्रस्त आहे असे येथे म्हणायचे नाही. पण भरतीच्या वेळी नदीमुखाशी पुराचे पाणी अडते, हे कोणत्याही नदीला लागू आहे. १९०१ ते २०१८ या काळात जगातील समुद्रपातळी सरासरी सुमारे २० सेंटिमीटर वाढली आहे. ती जसजशी वर चढेल, तसतसे मुखाजवळच्या सखल जमिनीवरून गोड्या पाण्याचा निचरा व्हायला अधिक दिवस लागतील, आणि चिखलातला ऑक्सिजन संपायला थोडेच दिवस पुरतात.