पेरभर राक्षसांची पूर्वपीठिका

१९७०च्या आसपास अमेरिकेत हाँगकाँगहून आलेल्या स्वस्त प्लास्टिक खेळण्यांची पाकिटं मिळत. पाकिटावर लिहिलेलं असे ‘प्रागैतिहासिक प्राणी’, पण आतून जे निघे ते कुठल्याच युगात पृथ्वीवर चाललेलं नव्हतं. एकाच्या शेपटाला चक्क पंखा, दुसऱ्याच्या पाठीवर ढाल आणि तोंड कुठलं ते कळू नये. विस्कॉन्सिन राज्यातल्या लेक जिनिव्हा गावच्या गॅरी गायगॅक्स नावाच्या, टेबलावर लढाया खेळणाऱ्या छंदिष्टाच्या हाती हे ध्यान लागलं. त्याला खेळाच्या टेबलावर राक्षस हवे होते आणि राक्षस कुठेच विकत मिळत नव्हते. मग शेपटाला पंखा असलेल्याचा झाला ‘रस्ट मॉन्स्टर’, म्हणजे योद्ध्याची तलवार गंजवून खाणारा. घुबडाच्या तोंडाचं अस्वल आणि जमिनीखालून पोहत येणारा ‘बुले’ हेही त्याच पाकिटातले. आज जगभरच्या फँटसी खेळांत हे तिघे खानदानी राक्षस म्हणून मिरवतात. मूळ कुळी विचाराल तर बाजारातलं चार आण्यांचं खेळणं.

टेबलावर मांडायच्या छोट्या मूर्ती, म्हणजे मिनिएचर, आणि त्यांच्याभोवतीची डोंगर-दऱ्या-भुयारं, म्हणजे टेरेन, यांचा छंद आज मोठा उद्योग झाला आहे. पण त्याची मुळं शोधत गेलं की दर वळणावर हीच गोष्ट भेटते. हवं ते मिळत नाही, म्हणून कोणीतरी हातानं करतो.

बुद्धिबळ आपल्या चतुरंगातून निघालं. हत्ती, घोडा, रथ, पायदळ असं ते सैन्यच होतं, फक्त रणभूमी सपाट होती. ना डोंगर, ना नदी. १७८०मध्ये जर्मनीतल्या ब्रन्सविकच्या हेल्विग नावाच्या गणिताच्या शिक्षकानं बुद्धिबळाचा पट फुगवून हजारावर घरांचा केला आणि घरांना रंग दिले. घराच्या रंगावरून तिथली जमीन कशी ते कळायचं. टेरेनचा जन्म झाला तो असा, चौकटीतल्या रंगातून.

पुढची पायरी प्रशियात पडली. ब्रेस्लाऊचा एक मुलकी अधिकारी, थोरला राइसविट्झ, वाळूत टेकड्या करून त्यावर ठोकळ्यांनी लढाया खेळत असे. ही कीर्ती राजा तिसऱ्या फ्रेडरिक विल्यमच्या कानावर गेली आणि बोलावणं आलं. आता राजापुढे वाळूचं तबक कसं न्यायचं? या गृहस्थानं राजाला ताटकळत ठेवलं आणि १८१२मध्ये एक भलं मोठं टेबलच घेऊन हजर झाला. त्यावर मांडायला उठावदार, रंगवलेले चौकोनी तुकडे होते. कुठे नदीचं वळण, कुठे रस्ता, कुठे गाव. तुकडे हवे तसे जुळवा, दर वेळी नवा प्रदेश तयार. आज दुकानात भुयाराच्या फरशा सुट्या मिळतात आणि खेळाडू दर शनिवारी नवं भुयार जुळवतात, ती युक्ती २०० वर्षं जुनी आहे. शिवाय ती एका कारकुनी माणसाला राजासमोर लाज वाटली म्हणून सुचलेली आहे, हे मला फार आवडतं.

गंमत अशी की सैन्यानं हा खेळ उचलला तेव्हा टेरेन टाकून दिलं. धाकट्या राइसविट्झनं १८२४मध्ये नवे नियम छापले आणि टेबलाच्या जागी १:८००० प्रमाणाचे नकाशे आणले. हा खेळ नव्हेच, हे तर युद्धाचं शिक्षण, असं सेनाप्रमुख म्युफ्लिंग म्हणाल्याचं सांगतात. अधिकारी नकाशावर वाकले आणि रंगीत डोंगर-नद्या वाट्याला आल्या मुलांच्या, आणि मुलांच्या बापांच्या.

मुलांकडे तोवर सैन्य आलेलं होतं. न्यूरेंबर्गचे कारागीर अठराव्या शतकाच्या उत्तरार्धापासून कथलाचे चपटे सैनिक ओतत होते. पाटीच्या दगडात दोन बाजूंनी कोरायचं, मध्ये कथील ओतायचं, पुठ्ठ्याएवढा पातळ शिपाई बाहेर काढायचा. १८९३मध्ये इंग्लंडमध्ये विल्यम ब्रिटननं पोकळ ओतकाम आणलं. साच्यात शिसं ओतून लगेच उलटं करायचं. कडेला टेकलेलं थिजतं, आतलं वाहून जातं. धातू कमी लागला, सैनिक स्वस्त झाले आणि घराघरांत पलटणी उभ्या राहिल्या. १९१३मध्ये एच. जी. वेल्सनं ‘लिटल वॉर्स’ हे पुस्तक लिहिलं ते याच सैनिकांसाठी. त्याची रणभूमी म्हणजे घरातली जमीन. फळकुटांच्या टेकड्या, डहाळ्यांची झाडं आणि स्प्रिंगच्या तोफेतून उडणारी लाकडी गोळी. दिवाळीत अंगणात किल्ला करून त्यावर मातीचे मावळे मांडलेल्या कोणालाही यातलं काही समजावून सांगावं लागणार नाही. आपण अळीव पेरून खरंच गवत उगवतो, एवढाच फरक.

दुसऱ्या महायुद्धानंतर हे प्रौढांचं वेड झालं. कॅलिफोर्नियात जॅक स्क्रबी रबरी साच्यांतून सैनिक ओतून विकू लागला आणि १९५७पासून छंदिष्टांसाठी ‘वॉर गेम डायजेस्ट’ नावाचं पत्रक काढू लागला. ब्रिटनमध्ये शिशाची खेळणी मुलांसाठी धोक्याची ठरून १९६०च्या दशकात बाजारातून गेली. पोरांचे शिपाई प्लास्टिकचे झाले आणि शिसं राहिलं मोठ्यांकडे. पण हे मोठे लोक खेळत ते वॉटर्लू, गेटिसबर्ग, रोमन आणि कार्थेज. इतिहासाबाहेर पाऊल टाकणं म्हणजे पोरकटपणा, असा एक दबका सूर तेव्हा होता.

तो मोडला लेक जिनिव्हाच्या तळघरात. गायगॅक्सकडे वाळूचं मोठं टेबल होतं, त्यावर मध्ययुगीन लढाया चालत. १९७१मध्ये त्यानं आणि जेफ पेरेननं ‘चेनमेल’ नावाची नियमपुस्तिका काढली आणि शेवटी काही पानं जोडली: ड्रॅगन, जादूगार, झाडमाणसं. नियम नवे लिहिले नाहीत, जुन्यांनाच वेश चढवला. जादूगाराचा आगीचा गोळा मोठ्या गोफणयंत्राएवढा परिणाम करतो आणि वीज पडते ती जड तोफेएवढी. या ड्रॅगनसाठी मूर्ती कुठली? प्लास्टिकच्या डायनोसॉरवर करामती करून घरीच केलेली. मिनेसोटात डेव्ह आर्नेसन याच सुमारास आपल्या ‘ब्लॅकमूर’च्या भुयारांत खेळाडूंना उतरवत होता. एका खेळाडूकडे पलटण नाही, एकच माणूस. दोघांचं जमलं आणि जानेवारी १९७४मध्ये ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ या खेळाची पहिली १,००० खोकी बाहेर पडली.

मुखपृष्ठावर लिहिलं होतं की हा खेळ कागद, पेन्सिल आणि मिनिएचर मूर्तींनी खेळायचा आहे. आत मात्र म्हटलं होतं की मूर्ती नसल्या तरी चालेल, असल्या तर शोभा येईल. बहुतेकांनी कागद-पेन्सिलीवर भागवलं. तरी टेबलाची सवय भाषेत मुरलेली राहिली. जादूचा पल्ला कितीतरी वर्षं नियमांत इंचांत छापला जायचा. एक इंच म्हणजे भुयारात १० फूट आणि उघड्यावर १० यार्ड. ज्यानं आयुष्यात कधी मूर्ती पाहिली नाही, तोही बसून इंच मोजत होता.

मूर्तींची मागणी आता उघड होती. १९७५मध्ये सिनसिनाटीत ‘राल पार्था’ सुरू झाली. तिचा मुख्य शिल्पकार टॉम मायर तेव्हा शाळकरी वयाचा होता. ब्रिटनमध्ये लंडनची ‘गेम्स वर्कशॉप’ही १९७५चीच. तिच्या पैशातून आणि ब्रायन ॲन्सेलच्या हातातून पुढे नेवार्कला ‘सिटाडेल मिनिएचर्स’ उभी राहिली. १९८३मध्ये ‘वॉरहॅमर’ आलं. त्यामागचा हिशेब साधा होता. भुयारात उतरणाऱ्या खेळाडूला एक मूर्ती पुरते, फौज लढवणाऱ्याला शंभर लागतात. खेळ मूर्ती खपवण्यासाठी होता, हे त्या कंपनीनं फारसं लपवलंही नाही.

मूर्ती घडायची कशी, ते सांगण्यासारखं आहे. निळ्या आणि पिवळ्या अशा दोन रंगांच्या पुटीची पट्टी मिळते. दोन्ही मळली की हिरवी होते आणि काही तासांत दगड बनते, म्हणून सगळे तिला ‘ग्रीन स्टफ’ म्हणतात. तारेच्या सांगाड्यावर ती चढवून, दातांच्या डॉक्टरकडची हत्यारं आणि सुया घेऊन शिल्पकार नाक, पट्टे, चिलखताच्या कड्या काढतो. मग ही हिरवी मूर्ती रबराच्या दोन चकत्यांत दाबून भाजली की साचा तयार. साचा गरगर फिरवत मधल्या भोकातून वितळलेला धातू ओतायचा, गतीनं तो बोटांच्या टोकापर्यंत पोचतो. हा धातू म्हणजे शिसं आणि कथील. १९९३मध्ये न्यूयॉर्क राज्यात शिशावर बंदीचं विधेयक आलं तसे उत्पादक घाबरून बिनशिशाच्या मिश्रधातूकडे वळले. कथील महाग, म्हणून मूर्तीही महागल्या. प्लास्टिक त्या आधीच दारात उभं होतं. त्याचा पोलादी साचा कोरायला जबर खर्च येतो, पण एकदा कोरला की नग मातीमोल. १९८७च्या सुमारास ‘वॉरहॅमर ४०,०००’ या भविष्यकाळात घडणाऱ्या भावंड-खेळासाठी ३० प्लास्टिक सैनिकांचं एक खोकं निघालं आणि छंदाची भूकच वाढली.

रंगाचं म्हणाल तर सुरुवातीला एनॅमलच्या चिमुकल्या डब्या, टर्पेंटाइनचा वास आणि एक थर वाळायला रात्र. पाण्यात विरघळणारे ॲक्रिलिक आले आणि जेवणाच्या टेबलावर, घरच्यांच्या शिव्या न खाता, एका संध्याकाळी चार थर देता येऊ लागले. माझ्या मते या छंदाला कुठल्याही नियमपुस्तकापेक्षा जास्त माणसं या डब्यांनी मिळवून दिली.

अंगठ्याच्या पेराएवढा, २८ मिलिमीटरचा एक गॉब्लिन, म्हणजे बुटका राक्षस, घ्या. खऱ्या माणसावर सूर्यप्रकाश खोल सावल्या पाडतो. एवढ्याशा मूर्तीवर पडणारी सावली डोळ्याला जाणवतच नाही. म्हणून ती रंगवावी लागते. आधी सगळ्याला काळा अंडरकोट, म्हणजे ब्रश जिथं पोचणार नाही तिथं आपोआप अंधार. मग चिलखतावर धातूचा रंग. त्यावर पातळ काळपट पाणी सोडायचं, त्याला ‘वॉश’ म्हणतात. ते कड्याकड्यांमधल्या खळग्यांत जाऊन बसतं. शेवटी ब्रश रंगात बुडवून कागदावर जवळजवळ कोरडा करायचा आणि मूर्तीवरून फटकारत न्यायचा. उंचवट्यांना तेवढा चंदेरी रंग लागतो आणि दहा सेकंदांत शेकडो कड्या उजळतात. या ‘ड्रायब्रश’चा चमत्कार पहिल्यांदा पाहिला की माणूस फसला म्हणून समजा. या मूर्तींची डोकी आणि पंजे अंगाच्या मानानं मोठे असतात, त्याचंही एक कारण रंगच. हातभर अंतरावरून चेहरा ओळखू यायला हवा.

१९८७मध्ये ‘गेम्स वर्कशॉप’ कंपनीनं ‘गोल्डन डेमन’ ही रंगकामाची स्पर्धा सुरू केली. कामाला स्वतंत्र मान मिळाला आणि खेळ न खेळता फक्त रंगवणारी जमात तयार झाली. प्रत्येक दशकाची फॅशनही निघाली. नव्वदच्या दशकातल्या मूर्ती ओळखायला तज्ज्ञ लागत नाही: भडक लाल, भडक पिवळा आणि पायाखाली पोपटी बैठक. पुढे फ्रेंच आणि स्पॅनिश रंगकर्मींनी नुसत्या करड्या-पांढऱ्या छटांतून धातूची चमक भासवण्याचं कसब गाजवलं.

टेरेनवाले मात्र बराच काळ रद्दीवरच जगले. गवतासाठी रंगीत भुसा आणि कृत्रिम तंतू आले ते मॉडेल रेल्वेवाल्यांकडून. बाकी सगळं घरातलं. ‘वॉरहॅमर ४०,०००’च्या सुरुवातीच्या काळात कंपनीच्याच मासिकानं डिओडरंटच्या रिकाम्या डबीपासून उडता रणगाडा करायला शिकवलं होतं. तो लेख आजही या मंडळींत दंतकथेसारखा सांगितला जातो. आवडतं साहित्य म्हणजे घरांच्या भिंतींत घालतात तो घट्ट फोम. त्याच्यावर ॲल्युमिनियम फॉइलचा चुरगळलेला गोळा दाबला की दगडाचा पोत उठतो, बोथट पेन्सिलीनं विटा आखता येतात. मग काळा रंग आणि पांढरा डिंक एकत्र करून सगळ्यावर फासायचा, आपल्याकडे अर्थात फेविकॉल. तापलेल्या तारेनं फोम कापायचं तंत्र तर गणपतीचे मखर करणाऱ्यांना तोंडपाठ होतं. २०१८मध्ये महाराष्ट्रात थर्माकोलवर बंदी आली आणि ती हत्यारं माळ्यावर गेली.

तयार टेरेनची सुरुवात उशिरा झाली. १९९६मध्ये स्टेफान पोकोर्नीनं ‘ड्वार्व्हन फोर्ज’ काढून रंगवलेल्या रेझिनच्या भुयारफरशा विकायला सुरुवात केली. राइसविट्झचंच टेबल, फक्त राजाच्या जागी गिऱ्हाईक. २०१३मध्ये त्यांनी किकस्टार्टर या लोकवर्गणीच्या संकेतस्थळावर १९ लाख डॉलरच्या आसपास रक्कम जमवली. त्याआधी २०१२मध्ये ‘रीपर’ कंपनीनं स्वस्त प्लास्टिक मूर्तींसाठी ३४ लाखांवर डॉलर जमवले होते. एका खोक्यात शेकडो राक्षस घरपोच. २०१४मध्ये ‘हीरो फोर्ज’नं संगणकावर स्वतःचा योद्धा जुळवून त्याची त्रिमितीय मूर्ती छापून मागवायची सोय केली आणि काही वर्षांनी तो रंगासकट छापूनही मिळू लागला. घरगुती रेझिन प्रिंटर आल्यावर तर फाइल विकत घ्या, रात्री लावा, सकाळी ड्रॅगन.

म्हणजे राक्षस मिळत नाहीत म्हणून सुरू झालेल्या छंदात आता राक्षस मावत नाहीत. न रंगवलेल्या मूर्तींच्या साठ्याला जगभरचे छंदिष्ट ‘पाइल ऑफ शेम’, लाजेचा ढीग म्हणतात. माझा ढीग बुटांच्या दोन खोक्यांत आहे. सगळ्यात वर एक गॉब्लिन, काळा अंडरकोट देऊन दोन वर्षं झाली त्याला.