नखामागची गाठ: उपचार कातडीवरून सांध्याकडे कसे गेले

सोलापुरात विड्या वळणाऱ्या किंवा शिलाईकाम करणाऱ्या बायका नखामागची वाटाण्याएवढी गाठ दाखवायला येतात, तेव्हा ती बहुधा एकदोनदा सुईने फोडून झालेली असते. डिंकासारखा चिकट द्रव निघतो, गाठ बसते आणि काही आठवड्यांनी पुन्हा भरते.

शिकागोचे त्वचारोगतज्ज्ञ जेम्स नेव्हिन्स हाइड यांनी १८८३ मध्ये या गाठीचं वर्णन केलं. पुढे बराच काळ हा कातडीचाच विकार मानला गेला, म्हणून उपायही कातडीवरच झाले: टोचणं, गोठवणं, गाठ कापून कातडीचा तुकडा लावणं. १९७२ मध्ये हाताचे शल्यचिकित्सक हॅरोल्ड क्लाइनर्ट यांच्या गटाने आणि १९७३ मध्ये रिचर्ड ईटन व सहकाऱ्यांनी लक्ष बोटाच्या टोकाच्या सांध्याकडे वळवलं. झिजलेल्या सांध्याच्या कडेला हाडाचं टोक वाढतं आणि सांध्यातला द्रव अरुंद देठातून गाठीत उतरतो. १९९५ मध्ये तर गिनग्रास आणि सहकाऱ्यांनी गाठीला हात न लावता फक्त वाढलेलं हाड काढलं, तरी गाठी विरल्या. आमच्या मते या साऱ्या इतिहासातला हाच सर्वांत बोलका पुरावा आहे.

निदानाला फार काही लागत नाही. अंधारात टॉर्च लावला की पाणगाठ उजळते, भरीव गाठ उजळत नाही. नखावर उभी खाच असेल तर गाठ नखाच्या मुळावर दाबते आहे. एक्स-रे समोरून आणि अगदी बाजूने असे दोन हवेतच. तिरक्या फिल्ममध्ये हाडाचं टोक लपतं.

शस्त्रक्रिया बोटापुरती भूल देऊन, रक्तप्रवाह थांबवायला बोटाच्या मुळाशी रबरी पट्टा बांधून होते. (हा पट्टा सुटला की नाही, हे ड्रेसिंगपूर्वी मोजून पाहायचं; राहून गेला तर बोट जाऊ शकतं.) देठ सांध्यापर्यंत सोडवायचा आणि हाडाचं टोक कुरतडून काढायचं. इथे जागा फार तोकडी असते. बोट सरळ करणारा स्नायुबंध हाडाला चिकटतो तिथून नखाचं मूळ जेमतेम एक-दीड मिलिमीटरवर असतं. बंध सुटला तर बोटाचं टोक खाली लोंबतं. मुळाला धक्का लागला तर नख कायमचं वाकडं येतं. कातडी फारच पातळ झाली असेल, तर शेजारची सरकवून झाकावी लागते.

दुखत नसलेली, न वाढणारी गाठ तशीच ठेवली तरी चालते. घरी मात्र टोचू नये, कारण त्याच देठातून जंतू थेट सांध्यात शिरतात. विडीचं तोंड मुडपायला नख लागतं, त्यामुळे काम कधी सुरू करता येईल हे आधीच सांगावं: टाके सुमारे दोन आठवड्यांनी निघतात, पण नखावरची खाच सरकत बाहेर जायला चार ते सहा महिने लागतात.