नव्या विंडोजला कोकण कळत नाही

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट थांबवला. त्याच्या आगेमागे, ज्यांच्या मशीनमध्ये टीपीएम २.० ची (सुरक्षेच्या किल्ल्या सांभाळणाऱ्या चिपची) सोय आणि कंपनीच्या यादीत बसणारा प्रोसेसर होता, त्यांनी विंडोज ११ टाकून घेतलं. अलिबागपासून वेंगुर्ल्यापर्यंत होमस्टेची बिलं, आंब्याच्या पेट्यांचे हिशेब आणि सातबाऱ्याच्या प्रिंटा काढणारी कितीतरी मशीनं त्यात आली. मग ठरलेली तक्रार सुरू झाली : "नवीन विंडोज घातल्यापासून मेलो रांगता!"

तक्रार खरी असते, निदान मात्र बहुतेकदा चुकतं. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणं एकदम दाबली की टास्क मॅनेजर उघडतो. रांगणाऱ्या मशीनवर त्यात बहुधा असं दिसतं : प्रोसेसर पंधरा-वीस टक्क्यांवर निवांत आणि डिस्कचा रकाना १०० टक्के. त्या रकान्याच्या डोक्यावर क्लिक केलं की डिस्क कोण खातंय ते वर येतं. सर्च इंडेक्सर, अँटीमालवेअर सर्व्हिस, विंडोज मॉड्यूल्स इन्स्टॉलर अशी नावं असली तर घाबरू नका. अपग्रेडनंतर सिस्टीम सगळ्या फायलींची सूची नव्याने बनवते, व्हायरस तपासते, राहिलेले ड्रायव्हर (प्रिंटरसारखी उपकरणं चालवणारी छोटी सॉफ्टवेअरं) उतरवते. हे काम संपणारं आहे.

पण जुनी फिरती हार्डडिस्क असेल तर ते लवकर संपत नाही. लॅपटॉपमधली साधी डिस्क मिनिटाला ५४०० फेरे घेते, म्हणजे एका फेऱ्याला ११ मिलिसेकंद. हवी ती जागा सुईखाली येईपर्यंत सरासरी अर्धा फेरा थांबायचं, शिवाय सुई त्या पट्ट्यावर न्यायला आणखी वेळ. विखुरलेले तुकडे वाचायचे झाले तर सेकंदाला शंभरसुद्धा होत नाहीत. एसएसडीत, म्हणजे चिपांवर माहिती साठवणाऱ्या डिस्कमध्ये, फिरणारं काहीच नाही, ती असे हजारो तुकडे सहज वाचते. म्हणून जुन्या मशीनवर पैसे घालायचेच असतील तर आधी एसएसडीवर घालावेत, बाकी सगळं नंतर. मेमरी 'साफ' करणारी ॲपं तर टाकूच नयेत. विंडोज रिकाम्या रॅममध्ये नेहमी लागणाऱ्या फायली आधीच आणून ठेवतं. ती ॲपं तेच पुसतात आणि डिस्कला पुन्हा कामाला लावतात.

आता खरी गोम. ही सिस्टीम बनवणाऱ्यांनी काही गोष्टी गृहीत धरल्या आहेत : वीज चोवीस तास आहे, नेट मोजून वापरायचं नाही, आणि रात्री मशीन जोडलेलं असतं. आमच्याकडे यातलं एकही धड खरं नाही.

विंडोजची रोजची डागडुजी मुळात पहाटे दोन वाजता ठरवलेली असते. डिस्कची आवराआवर, व्हायरसची तपासणी, किरकोळ दुरुस्त्या, सगळं तेव्हा. त्यासाठी मशीन चार्जरला जोडलेलं आणि मोकळं असावं लागतं. वळवाच्या विजा एकदा बघितलेला माणूस रात्री मशीन जोडून ठेवेल का? तो प्लग काढतो, कुणी तर मेन स्विचच पाडतो, आणि बरोबरच करतो. पण मग रात्रीचं काम राहतं. सकाळी मशीन चालू केलं की सिस्टीम ते उरकायची संधी शोधते. तुम्ही चहा घ्यायला उठलात की सुरू करते, परत येऊन माउस हलवलात की सोडून देते. आठवडाभर हे असंच चालतं.

उपाय फुकटचा आहे. कंट्रोल पॅनेलमध्ये 'सिक्युरिटी अँड मेंटेनन्स' आहे, त्यात डागडुजीची वेळ बदलता येते. ती दुपारी दोनची करा. जेवणानंतर दुकानाची फळी अर्धी ओढलेली असते, मालकाची वामकुक्षी चालू असते. तेवढा वेळ मशीन जोडून, चालू ठेवायचं. कोकणातल्या दुपारीइतकी निवांत वेळ मायक्रोसॉफ्टला कुठे सापडणार?

प्लग काढण्याआधी मशीन बंद करतात, त्यातून दुसरी गंमत होते. 'शट डाऊन' केलं की मशीन पूर्ण बंद होतं ही समजूत २०१२ पासून बहुतेक मशीनांवर खरी राहिलेली नाही. विंडोज ८ बरोबर 'फास्ट स्टार्टअप' आलं. त्यात उघडे प्रोग्रॅम बंद होतात, पण सिस्टीमचा गाभा जसाच्या तसा डिस्कवर लिहून ठेवला जातो आणि दुसऱ्या दिवशी तोच परत उचलला जातो. टास्क मॅनेजरच्या परफॉर्मन्स पानावर 'अप टाइम' बघा : रोज रात्री बंद केलेलं मशीन तिथे आठ-दहा दिवस अखंड चालू असल्याचं दाखवू शकतं. अडकलेला ड्रायव्हर किंवा अर्धवट बसलेलं अपडेट अशा बंद-चालू करण्याने सुटेलच असं नाही. त्याला 'रीस्टार्ट'च लागतं. आठवड्यातून एकदा ते करावं, अपग्रेडनंतरच्या दिवसांत रोज केलं तरी चालेल.

नेटचं तसंच. गावात बऱ्याच घरी मोबाईलच्या हॉटस्पॉटवर काम चालतं आणि रोजचा दीड-दोन जीबीचा पॅक विंडोज सकाळीच गिळून टाकतं. वायफायच्या सेटिंगमध्ये त्या हॉटस्पॉटपुरतं 'मीटर्ड कनेक्शन' चालू करा, मग मोठी डाउनलोड बहुतेक आपोआप सुरू होत नाहीत. मात्र कायमचं तसं ठेवलं तर सुरक्षेची अपडेटही मागे पडतात, म्हणून तालुक्याला भावाकडे ब्रॉडबँड असेल तर लॅपटॉप घेऊन जावा आणि तिथे उरकावं. घरात दोन मशीनं असतील तर 'डिलिव्हरी ऑप्टिमायझेशन' फक्त स्थानिक नेटवर्कपुरतं चालू ठेवा. एकाने उतरवलेलं अपडेट दुसरा त्याच्याकडून घेऊ शकतो.

मोठं अपडेट बसत असताना वीज गेली तर? सिस्टीम बहुतेक वेळा जुन्या जागी परत येते, पण भरवसा धरू नये. बॅटरी पूर्ण भरलेली हवी, डेस्कटॉपला यूपीएस हवा, आणि जूनच्या पहिल्या आठवड्यात हा उद्योग काढूच नये. ३ जून २०२० चं निसर्ग वादळ श्रीवर्धन-दापोलीकडच्या लोकांना सांगायला नको.

अपग्रेडनंतर साधारण दहा दिवस जुनं विंडोज 'विंडोज डॉट ओल्ड' नावाच्या फोल्डरमध्ये पडून असतं. बरेच जीबी अडवतं, पण घाईने उडवू नका, परतीची वाट तीच. या दिवसांत जे जे यूएसबीला लावता ते सगळं एकदा लावून बघा : बिलाचा प्रिंटर, अंगठ्याचं मशीन, डिजिटल सहीचं टोकन. सेवा केंद्र चालवणाऱ्याला स्पीडपेक्षा अंगठ्याचं मशीन चाललं की नाही हे महत्त्वाचं. ड्रायव्हर मिळतच नसेल तर मुदतीत मागे फिरता येतं.

गृहीत धरलेली आणखी एक गोष्ट म्हणजे इंग्रजी, पण इथे सिस्टीमने बराच मेळ घातला आहे. २०१९ च्या मे अपडेटपासून विंडोजमध्ये मराठीचा फोनेटिक कीबोर्ड आहे. भाषांच्या यादीत मराठी जोडून तो निवडायचा, विंडोजचं बटण आणि स्पेस दाबून भाषा बदलायची. इंग्रजी अक्षरांत उच्चार टाइप केला की देवनागरी उमटते. वेगळं सॉफ्टवेअर लागत नाही. याचा फायदा टायपिंगपुरता नाही. जुन्या फॉन्टमध्ये लिहिलेली गिऱ्हाइकांची यादी पडद्यावर मराठी दिसते, पण फायलीत साठवलेली असतात इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं. फॉन्ट त्यांच्या जागी फक्त मराठी आकृत्या काढतो. म्हणून नव्याने बनलेल्या सूचीत 'परांजपे' शोधलं तर काहीच सापडत नाही. युनिकोडमध्ये प्रत्येक देवनागरी अक्षराला स्वतःचा क्रमांक असतो, तिथे शोध लागतो. जुन्या याद्या बदलून देणारे कन्व्हर्टर मिळतात. बदललेली यादी मात्र एकदा नजरेखालून घालावी लागते, कारण रफार आणि पहिली वेलांटी हमखास भलत्या अक्षरावर जाऊन बसतात.