रॉक अँड रोलची पावलं त्या संगीताहून जुनी

बिल हॅलीचं ‘रॉक अराउंड द क्लॉक’ जुलै 1955 मध्ये अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर पोचलं. त्यावर तरुण मुलंमुली ज्या गिरक्या घेत होती, त्या तोवर पंचवीसेक वर्षं जुन्या झाल्या होत्या. या जोडीनृत्याचं श्रेय सर्रास हॅली आणि एल्व्हिसच्या काळाला दिलं जातं. मला तो हार्लेमच्या कृष्णवर्णीय नर्तकांवर अन्याय वाटतो.

न्यूयॉर्कच्या हार्लेम भागात 1926 साली सॅव्हॉय बॉलरूम सुरू झालं. काळे-गोरे एकाच फरशीवर नाचतात, अशी जागा त्या काळात दुर्मीळच. वादकांसाठी दोन मंच होते, त्यामुळे एक बँड थांबला की दुसरा लगेच सुरू. चिक वेबच्या बँडसमोर इथे लिंडी हॉप हे जोडीनृत्य बहरलं. त्याचं मुख्य आवर्तन आठ मात्रांचं: जोडी जवळ येते, हात लांबवून दूर जाते, आणि दूर असताना दोघांनाही आपल्या मनाचं काही करायची मुभा असते. 1935 मध्ये इथल्याच फ्रँकी मॅनिंग या नर्तकाने आपली जोडीदार फ्रीडा वॉशिंग्टनला आपल्या पाठीवरून उलटी फिरवून समोर पायांवर उतरवलं, तेही अचूक ठेक्यात. पुढच्या सगळ्या हवाई करामतींची परंपरा तिथून सुरू होते.

मग युद्ध आलं. 1942 पासून ब्रिटनमध्ये उतरलेल्या अमेरिकन सैनिकांनी हे नृत्य सोबत नेलं आणि तिथल्या नृत्यशिक्षकांनी त्याला शिस्त लावून जाइव्ह घडवलं. इकडे अमेरिकेत 1944 मध्ये खाणंपिणं आणि नाच असलेल्या ठिकाणांवर आधी 30, मग 20 टक्के कर बसला. मोठे बँड पोसणं आधीच महाग झालं होतं. आता नाचाच्या जागाही आटल्या. पाच-सहा वादकांचे छोटे संच पुढे आले. लुई जॉर्डनचं जंप ब्लूज त्यातलंच. सॅक्सोफोन, पियानो आणि लंगडत उड्या मारणारा शफल ठेका. रॉक अँड रोल त्यातूनच निघालं, म्हणून जुनी पावलं त्यावर सहज बसली.

आपल्या तालाच्या कानाला यातली एक गंमत लगेच कळेल. जाइव्हची मूळ स्टेप सहा मात्रांची आणि संगीत चारचं. त्यामुळे सम दर बारा मात्रांनी जुळते. मधल्या काळात पाय आणि गाणं एकमेकांना हुलकावण्या देतात. या नाचाचा अर्धा जोश तिथेच आहे.

शफलमध्ये ठोक्याचा पहिला भाग लांब, दुसरा आखूड. त्यावर तीन पावलांची झोकदार ट्रिपल स्टेप शोभते. लिटल रिचर्ड, चक बेरी यांच्यापासून हे भाग सारखे होऊ लागले, तशी ती डुलती चाल अवघडली. सरळ ठेक्याला लाथा आणि उसळत्या उड्याच बऱ्या.

हा ठेका मुंबईतही पोचला. पुणतांब्याच्या सी. रामचंद्रांनी चिक चॉकलेटसारख्या गोवेकर वादकांना हाताशी धरलं आणि 1957 मध्ये ‘ईना मीना डीका’ला रॉक अँड रोलची चाल दिली.

1960 मध्ये चबी चेकरच्या ट्विस्टने जोडीचे हात सोडवले. मॅनिंग तोवर टपाल खात्यात नोकरीला लागला होता. 1980च्या दशकात स्वीडन आणि कॅलिफोर्नियाच्या नर्तकांनी त्याला शोधून काढलं, आणि 2009 मध्ये निधन होईपर्यंत तो जगभर शिकवत राहिला.

युरोपच्या स्पर्धांत आज दोन वाटा वेगळ्या आहेत: अॅक्रोबॅटिक रॉक अँड रोल, आणि जुन्या ढंगाचं बूगी-वूगी. पहिल्याला वेगवान, सरळ ठेक्याचं संगीत लागतं. दुसऱ्यात गाणं ऐकता ऐकताच, वादक कुठे थांबतो, कुठे उसळतो, ते पायांतून दाखवावं लागतं. घरी सुरुवात करणाऱ्यांनी लुई जॉर्डनची मध्यम लयीतली गाणी लावावीत. मिनिटाला 170च्या वरच्या ठोक्यांवर नवख्यांची ट्रिपल स्टेप हमखास घसरते.